मशीनचा पिक्चर, मागच्या बाजूने

भाद्रपद जवळ आला की आमच्या वाडीत बांबू पडतात. टेम्पो रिव्हर्समध्ये गेटातून आत शिरतो, मागचं फळकं उघडतं आणि बांबूंचा तो धडाडधूम आवाज दोन्ही चाळींवर आपटत वरच्या माळ्यापर्यंत जातो. माझं दुकान गेटाला लागूनच आहे. फॉल-पिको, ब्लाउज, थोडंफार अल्टर. तो आवाज आला की माझा पाय मशीनवरून आपोआप उचलला जातो. समोरच्या चाळीतल्या लोकांना त्या आवाजानं गणपती आठवतो. मला पिक्चर आठवतात.

गणपती त्यांचा. आमची चाळ विहारवाली, आमचा सण जयंतीचा, भर उन्हाळ्यातला. तेव्हा आमच्याकडे गायन पार्टी यायची आणि समोरच्या चाळीला गॅलरीतून गाणाऱ्यांच्या पाठी दिसायच्या. गणपतीत आमची पाळी. कोणी कोणाला बोलवायचं नाही, कोणी कोणाला हटकायचं नाही, गॅलरीत उभं राहायला काय कोणाची परवानगी लागते? जे कानावर आणि डोळ्यावर पडेल ते आपलं, असा सगळा मामला.

आमचं पटांगण लांबट. एका अंगाला त्यांची चाळ, दुसऱ्या अंगाला आमची, अगदी समोरासमोर. तिकडे दूध उतू चाललं तर इकडून ओरडून सांगता येतं. पटांगणाच्या एका टोकाला गेट आणि बाहेर मेन रोड, दुसऱ्या टोकाला तेव्हा मिलची भिंत होती, आता तिथं काचेचा टॉवर उभा आहे. गणपतीच्या दिवसांत पटांगणाच्या बरोब्बर मधोमध पडदा लागायचा, एक कड गेटाकडे, दुसरी मिलकडे. प्रोजेक्टर त्यांच्या बाजूला. मंडळ त्यांचं, तेव्हा पिक्चरचं तोंड त्यांच्याकडे, आमच्याकडे पाठ. पण पडद्याचं कापड माझ्या वडलांनी मिलमधून आणलेलं होतं. ते फोल्डिंग खात्यात होते आणि त्यांनी मुद्दाम पातळ ताग्यातलं निवडलं होतं, ते काय उगाच? उजेड आरपार यायचा. पिक्चर जेवढा तिकडे तेवढाच इकडे. फक्त उलटा.

उलटा म्हणजे डोकं खाली पाय वर नव्हे, आरशातल्यासारखा. आमच्या सगळ्या हिरॉइनींचा पदर उजव्या खांद्यावर. आमचे सगळे हिरो डावखुरे. डाव्या हातानं जेवायचे, डाव्या हातानं ठोसे मारायचे आणि डाव्या हातानंच हिरॉइनचे डोळे पुसायचे. माझा भाऊ त्यापायी एक अख्खं वर्ष डाव्या हातानं बॅटिंग करत होता आणि दर वेळी पहिल्याच बॉलला आउट. एका पिक्चरमध्ये हिरो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून कपाळ बडवून घ्यायचा, नऊ वाजले, नऊ वाजले! आणि आमच्या बाजूनं घड्याळात स्वच्छ तीन वाजलेले. आम्ही पोरं खो खो हसायचो. समोरची चाळ रडत असायची आणि मागून हसण्याचा आवाज यायचा, मग तिकडून शिव्या.

पाट्या आम्हाला वाचता यायच्या नाहीत, नावं वाचता यायची नाहीत. त्यामुळे आम्हाला एकाही पिक्चरचं नाव माहीत नसायचं. आम्ही सीनवरून नावं ठेवायचो. घड्याळाचा पिक्चर. विहिरीचा पिक्चर, त्यात एक म्हातारा रोज विहिरीत डोकावून मुलाला हाक मारायचा आणि विहीर त्याला उत्तर द्यायची. बर्फाच्या लादीचा पिक्चर, त्यात दोन भावांचं भांडण होतं आणि मधे ठेवलेली लादी भांडण मिटेपर्यंत वितळून जाते. आजही कोणी मला विचारलं ना, की तुमचा आवडता पिक्चर कोणता, तर माझ्या तोंडी नाव येत नाही, सीन येतो. लोकांना वाटतं बाई विसराळू आहे.

आणि पाऊस! समोरच्यांना तो सीझन पावसापायी नकोसा व्हायचा. सर आली की त्यांच्या खुर्च्यांची पाडापाडी, छत्र्या, पळापळ. आम्ही मात्र गॅलरीत छपराखाली, आणि पाऊस यावा म्हणून टपलेले. कारण कापड भिजलं की मागच्या बाजूनं चित्र एकदम उजळायचं. कोरड्या पडद्यावर जी बाई धुरकट दिसायची, तिच्या ओल्या पडद्यावर पापण्या मोजाव्यात. समोरून मात्र तेच चित्र फिकं पडायचं. वडील म्हणायचे, सुताच्या फटीत पाणी भरलं की उजेडाला वाट मिळते. मला एवढंच कळायचं की पाऊस आला की आमचा शो चांगला.

आता मशीनचा पिक्चर. त्याचं खरं नाव मला आता माहीत आहे, पण इथं मी ते लिहिणार नाही. लिहिलं की तो समोरच्यांचा होतो. एकत्र कुटुंबातली एक बाई, नवरा गेलेला, एक मुलगी. रात्रंदिवस शिलाई मशीन चालवून सगळ्या घराला खाऊ घालते आणि शेवटी तेच घर तिला सांगतं, जायचं तर जा, मशीन इथंच राहील. आणि मग तो सीन. त्यात एकही डायलॉग नाही. बाई पदर खोचते. पोरीच्या जुन्या झग्याची चुंबळ करते, डोक्यावर ठेवते. खाली बसून मशीन उचलते, एका झटक्यात नाही हां, पहिल्यांदा उचलत नाही, दुसऱ्यांदा गुडघ्यावर घेते, तिसऱ्यांदा डोक्यावर. मग पोरीचा हात धरते आणि चालायला लागते. सगळं घर ओट्यावर उभं. ती मागे बघत नाही. चालत चालत पडद्याच्या कडेपर्यंत जाते आणि कडेतून निघून जाते. संपला पिक्चर.

पडद्याला मधोमध जोड होता. मिलच्या कापडाचा पन्हा पडद्याइतका रुंद नसायचा, त्यामुळे दोन पट्टे जोडलेले. तो जोड दर पिक्चरमध्ये कोणाच्या ना कोणाच्या नाकावरून जायचा. ती बाई चालत जोडापाशी आली की क्षणभर तिचे दोन तुकडे व्हायचे आणि पलीकडे ती परत अख्खी व्हायची. वाऱ्यानं पडद्याचं पोट फुगलं की मशीन डोक्यावर हलायचं. अख्खी चाळ श्वास रोखून, की आता पडतंय! मी नंतर मिलच्या जागेवरच्या मॉलमध्ये कितीतरी पिक्चर बघितले. गार हवा, मऊ खुर्ची, पॉपकॉर्न. छान असतात, नाही कोण म्हणतंय? पण त्या पडद्याला वारा लागत नाही आणि त्याच्या मागे कोणी बसलेलं नसतं. मला तिथं उगाच चुकल्यासारखं होतं.

त्या सीनवरून आईचं आणि नलूमावशीचं आयुष्यभराचं भांडण. नलूमावशी समोरच्या चाळीतली, आमच्यासारखीच दुसऱ्या माळ्यावरची, मालवणकडची. दोघींची मैत्री नळावरची, पाणी भरता भरता झालेली. मावशी म्हणायची, "अगो, ती उजवीकडे गेली. माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलंय."

"डावीकडे गेली," आई म्हणायची.

"तू मागून बघतंस, तुका उलटा दिसता!"

"उलटं तुम्हाला दिसतं. आम्हाला सुलट."

यावर मावशी बादली उचलून निघायची. दुसऱ्या दिवशी परत तेच. मागून सगळं उलट दिसतं हे काय आईला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण माघार घेईल तर ती माझी आई कसली.

मग संप झाला, मिल बंद पडली आणि वडील गॅलरीत बसून राहायला लागले. सहा महिने आईनं कळ काढली. एके दिवशी सकाळी बाहेर पडली ती दुपारी परतली, गेटातून आत, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर जुनं शिलाई मशीन. भायखळ्यावरून चालत आली होती. टॅक्सीवाल्यानं डिकीत घेतलं नाही, हमालाचे पैसे वाचवले. पटांगणात सगळे बघत राहिले. आणि समोरच्या गॅलरीतून नलूमावशी ओरडली, "अगो बाय, पिक्चरातली बाई इली गो!" दोन्ही चाळी हसल्या. आई हसली नाही, मान हलवता येत नव्हती ना. पण जिन्यात आल्यावर मी बघितलं, तिचे डोळे हसत होते. त्याच मशीनवर आम्ही शिकलो, त्याच मशीनवर माझं दुकान उभं राहिलं. ते अजून माझ्याकडे आहे, फक्त मोटर बसवली आहे.

अशी ती बाई. आणि गेली दोन वर्षं ती गॅलरीतल्या खुर्चीतून उठत नाही. जिन्यात पडली, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला, मी म्हटलं चाल, भावानं काठी आणून दिली. काठीच्या मुठीवरचं प्लॅस्टिकसुद्धा तिनं काढू दिलं नाही. शेवटी ती काठी मी दोन खिळ्यांवर आडवी टाकली आणि तिच्यावर कपडे वाळत घालायला लागले. काय खायचं विचारलं तर "काहीही कर." कुठं जायचं विचारलं तर "झालं आता." एवढंच. आई चिडत नव्हती, भांडत नव्हती, नलूमावशीशीसुद्धा नाही. मला तिच्या दुखण्याची भीती नव्हती वाटत, या न भांडण्याची वाटत होती.

आणि या वर्षी बांबू पडले तेव्हा ती एकदम म्हणाली, "शोभे, मशीनचा पिक्चर लावतील का गं?"

दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मी म्हटलं, "लावतील की. न लावायला काय झालं!" असं मी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं आणि खाली निलेशकडे गेले. निलेश नलूमावशीचा मुलगा, मंडळाचं सगळं तोच बघतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? सरळ विचारलं.

"ताई, पडदा? कुठल्या जमान्यात आहेस तू? या वर्षी एलईडी वॉल. भर उजेडात पण झकास दिसते."

"आणि मागून?"

"मागून काय दिसणार! फ्रेम. वायरी."

"मग आमच्या चाळीनं काय वायरी बघायच्या?"

तो ओशाळला. पोरगा मनाचा वाईट नाही. "तसं नाही गं ताई. तुम्ही सगळे इकडे या ना. पहिली लाइन तुमची. काकूंना खुर्ची टाकतो."

"ती दोन माळे उतरत नाही."

"खुर्चीसकट उचलून आणू. चार पोरं पाठवतो."

मी हे वर जाऊन सांगितलं. आई म्हणाली, "उचलून न्यायला मी काय मूर्ती आहे?" आणि तोंड फिरवून बसली.

निलेशनं रात्रीच्या आत पिक्चर शोधून मला मोबाइलवर पाठवला. त्यांना नाव माहीत होतं, त्यामुळे लगेच सापडला. मी आनंदात फोन आईच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला, शेवटचा सीन आला, बाईनं मशीन उचललं आणि चालायला लागली. उजवीकडे. आईनं फोन मांडीवर पालथा घातला.

"ही ती नव्हे."

"तीच आहे गं."

"ही भलतीकडेच चाललीय."

मी काय केलं असेल? फोन आरशासमोर धरला आणि म्हटलं, आता आरशात बघ. तिनं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. "आरशात पिक्चर बघतात होय? वेडी का खुळी तू?" आणि परत "झालं आता" म्हणाली. ते ऐकलं आणि मात्र माझं डोकं सटकलं. मी मनात म्हटलं, बस्स. वॉल लावा नाहीतर आणि काही लावा. ही बाई या गॅलरीतून, तिच्या खुर्चीतून, कापडाच्या पडद्यावर तो सीन बघणार म्हणजे बघणार. नाकावर टिच्चून.

खरं तर तेव्हा मला कळलं की मला स्वतःलाही तो तसाच बघायचा होता. सीन लक्षात राहतो म्हणजे काय राहतं? बाईचा चेहरा मला आठवतही नव्हता. आठवत होता तो जोड, फुगलेला पडदा, गॅलरीच्या कठड्याचा ओला लाकडी वास, शेजारी उभ्या आईची घट्ट धरलेली मूठ. मोबाइलमध्ये यातलं काहीच नव्हतं. तिथं बाई थांबवता येत होती, मागे नेता येत होती. आमच्या बाईला कोणी थांबवू शकत नव्हतं, म्हणून तर आम्ही श्वास रोखत होतो.

जुना पडदा मंडळाच्या पेटीत उंदरांनी कुरतडला होता. तेव्हा दादरला गेले, पांढरं पातळ सुती कापड घेतलं, दुकानदार म्हणाला एवढ्याचं काय करता, म्हटलं पिक्चरला परकर शिवतेय. घरी दोन पट्टे जोडले. गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली, ऐन सणात, त्याबद्दल भरपूर बोलणी खाल्ली. कडांना नाडीसाठी नेफा घातला. पडदा जमिनीवर पसरायला खोली पुरेना, तेव्हा तो गॅलरीभर पसरला आणि अख्ख्या माळ्याच्या बायका कडा धरून बसल्या. आई खुर्चीतून बघत होती. म्हणाली, "जोड सरळ घाल." मला इतकं बरं वाटलं त्या टोमण्यानं!

प्रोजेक्टर विहारातल्या अभ्यासिकेत होता. तिथं स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात आणि ते प्रणाली बघते, आमच्याच चाळीतली, स्वतःही परीक्षा देते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "मावशी, पडदा आपला, प्रोजेक्टर आपला. मग आपण मागून का बघायचं? इतकी वर्षं बघितलं ते पुरे नाही का झालं?"

तिचं काय चुकलं होतं? मला लहानपणी पाठ दाखवणाऱ्या पडद्याचं कधी काही वाटलं नाही असं मी म्हणत असते, पण ते पूर्ण खरं नाही. एकदा मी पळत पळत पडद्याच्या त्या बाजूला गेले होते, नाव वाचायला. कोणी काही बोललं नाही, पण एका बाईनं आपली सतरंजी हळूच जवळ ओढून घेतली. मी नाव न वाचताच परत आले. ती सतरंजी मला अजून दिसते, हिरवी, लाल पट्ट्यांची.

प्रणालीला घेऊन मी आईकडे गेले. म्हटलं, तुम्हीच दोघी ठरवा.

"मागून बघितलं म्हणून आम्ही काय कमी बघितलं?" आई म्हणाली. दोन वर्षांत न ऐकलेला आवाज. "त्यांनी एक पिक्चर बघितला, आम्ही एक बघितला. माझा पिक्चर डावीकडे जातो. तो मला उजवीकडे नको."

"आजी, पण प्रोजेक्टर आपल्या बाजूला पाहिजे."

"ठेव ना. कोण नको म्हणतंय? पण बाई डावीकडे गेली पाहिजे."

प्रणाली हसली. "हात्तिच्या, एवढंच? बटण आहे आजी त्याला. आपल्याकडे ठेवून उलटा दाखवते. तुम्हाला तुमचा, त्यांना त्यांचा." मी दोघींकडे आळीपाळीनं बघत बसले.

राहता राहिला निलेश. त्याच्या कार्यक्रमांची पत्रिका छापून झाली होती, जागा नाही, वेळ नाही, कमिटी आहे, असं त्याचं चालू असतानाच वरून नलूमावशीचा आवाज आला. गुडघ्यांनी तीही गॅलरीतच अडकलेली. "रे निल्या! तिचा पिक्चर लावूक नाय दिलंस तर माझा जेवण बंद! बघ हां!" गौरी-विसर्जनानंतरची एक संध्याकाळ निघाली. पुत्राची कमिटी आईपुढे किती टिकणार?

त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर पडदा चढला. जुन्याच जागी, एक कड गेटाकडे, एक टॉवरकडे. खाली विटा बांधल्या. प्रणालीनं बटण दाबलं, अक्षरं उलटी झाली आणि आमच्या चाळीतल्या जुन्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. उलट्या अक्षरांना टाळ्या! नव्या पोरांना काही कळेना. चित्र असं लख्ख होतं की मीच मनात स्वतःची पाठ थोपटली.

तेवढ्यात समोरून गलका. "ओ ताई, दिसत नाय काय! नुसता धूर!"

मी पळत त्या बाजूला गेले. खरंच, फिकट. आता ते मागे होते. मला क्षणभर, खोटं कशाला बोलू, गंमत वाटली. मग त्या खुर्च्यांवरची म्हातारी माणसं डोळे बारीक करून बघताना दिसली. मागे बसणाऱ्याला काय लागतं हे त्या पटांगणात आमच्याइतकं कोणाला माहीत होतं? मी निलेशला म्हटलं, "टाकीचा पाइप आण. पाणी मार."

"कुठं?"

"पडद्यावर."

"ताई, नवा कोरा पडदा आहे. तू दहा दिवस शिवलास."

"मार म्हणते ना. वरून खालपर्यंत. सगळा भिजव."

त्यानं पाइप धरला. पाणी कापडावरून उतरत गेलं आणि जिथं जिथं उतरलं तिथं तिथं समोरच्या बाजूनं माणसं उजळत गेली, आधी केस, मग डोळे, मग हात. समोरच्या चाळीतून "आयला!" असा एकच आवाज निघाला. आमच्या बाजूला चित्र थोडं मऊ झालं. कोणी तक्रार केली नाही. मी वर आले आणि आईच्या खुर्चीशेजारी कठड्याला टेकून उभी राहिले, लहानपणी उभी राहायचे तिथंच.

पिक्चर चालला. जोड नाकावरून गेला, पडदा फुगला, घरच्यांची भांडणं झाली. शेवटचा सीन आला. बाईनं पदर खोचला. चुंबळ केली. पहिल्यांदा मशीन उचललं नाही. दोन्ही चाळींत नव्या पोरांचे मोबाइलसुद्धा खाली. दुसऱ्यांदा गुडघ्यावर. तिसऱ्यांदा डोक्यावर. पोरीचा हात धरला आणि निघाली. जोडापाशी दोन तुकडे झाले, परत अख्खी झाली. माझ्या दंडाला काहीतरी घट्ट लागलं म्हणून बघितलं तर आईची मूठ. आणि आई उभी होती. खुर्ची रिकामी, एक हात माझ्या दंडावर, एक कठड्यावर.

"उजवीकडे!" समोरून नलूमावशी ओरडली. तीही उभी राहिली होती, हात लांब करून. "बघितलंस मां? उजवीकडे!"

आईनं कठड्यावरचा हात उचलून लांब केला आणि तोंड उघडलं, आता "डावीकडे" म्हणणार. पण म्हणाली नाही. ती मावशीच्या हाताकडे बघत होती. मग स्वतःच्या हाताकडे. पडद्याच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या हात लांब करून उभ्या, आणि दोघींचे हात एकाच बाजूला. गेटाकडे.

मीही बघितलं. इतकी वर्षं डावी-उजवी करत भांडलो आणि बाई बापडी दर वेळी गेटाकडे चालली होती. जिथून आई मशीन घेऊन आत आली होती, तिथून ती बाहेर पडत होती.

"अगो," मावशी समोरून हळूच म्हणाली, पण पटांगण इतकं शांत होतं की ऐकू आलं, "गेटाकडे गेली मां ती."

"मग मी काय सांगत होते!" आई म्हणाली. साफ खोटं. असं तिनं कधीच सांगितलं नव्हतं. पण आवाज असा चढा की सगळी गॅलरी हसली, समोरची पण.

पडद्यावर उलटा "समाप्त" आला. खाली खुर्च्या वाजायला लागल्या, पोरं विटा सोडायला लागली. आई अजून उभीच होती, गेटाकडे बघत.

"शोभे, माझी काठी कुठाय?"

"आत्ता?"

"मग कधी? त्या नलीला सांग, खाली ये म्हणावं. गेटापर्यंत जाऊन येऊ."

मी काठीवरचे परकर भराभरा काढले आणि काठी तिच्या हातात दिली. तिनं मूठ चाचपली आणि माझ्यावर डोळे वटारले.

"आधी ते प्लॅस्टिक काढ."